तीन वाजता

रात्री तीन वाजता माझा हात आपोआप उठतो
आणि राइलीच्या मानेवर जाऊन बसतो.
मान कोरडी असली तर मी कूस बदलतो.
ओली असली तर दिवा लावतो.
बेचाळीस वर्षं झाली. गजर कधी लावला नाही.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात तिच्या आईनं मला
चुलीजवळच्या बाकावर बसवलं, एक ठेचाळलेलं पातेलं पुढ्यात ठेवलं.
ह्यात मी काचेची सिरिंज उकळायचे, म्हणाल्या,
सुई दगडावर घासायचे, पोर तेव्हा नऊ वर्षांची.
नळीत लघवीचे थेंब, वर एक गोळी, मग बघत बसायचं:
निळं आलं तर हुश्श.
विटेच्या रंगाचं आलं तर तिच्यावर ओरडायचं नाही.
एवढं शेवटचं नीट ऐकून ठेव.
दुसरं काही दिलं नाही त्यांनी. पातेलं दिलं.
त्यात आम्ही बटाटे उकडतो.

इथं कुहमोत जानेवारी उणे तीसवर उतरतो.
तळ्यावर बर्फाला भोक पाडून मी मासे धरायला बसायचो,
ती शेजारी, गळ्यापर्यंत लोकर,
आणि लोकरीच्या आत, अगदी कातडीला लागून, इन्सुलिनची बाटली.
एकदा ती बाटली ट्रकमध्ये राहिली.
सकाळी वितळली तेव्हा पहिल्यासारखीच दिसत होती,
पाण्यासारखी नितळ.
तिनं ती उजेडात धरली, आणि काही न बोलता
मोरीत ओतली.

चौऱ्याण्णवच्या एप्रिलात तिनं कॉफीची किटली भिंतीवर फेकली,
मला माझ्या मेलेल्या भावाच्या नावानं हाक मारली, एन्सिओ,
निघ माझ्या घरातून.
मी मनाशी म्हणत होतो, ही राइली नाही बोलत,
हे दोन पॉइंट एक बोलतंय.
गुडघ्याखाली तिचे हात धरून बोरांचा रस पाजला,
निम्मा माझ्या शर्टावर.
वीस मिनिटांनी तिनं विचारलं, भिंत कोणी रंगवली?

पण तेव्हापासून एक खोड जडली.
ती रागावली की मी रसाचा पेला आणायचो.
एकदा तिनं तो शांतपणे रिकामा केला,
तोंड पुसलं आणि म्हणाली,
आता साखर ठीक आहे, ताउनो,
आणि तू अजूनही गाढवच आहेस.

कुणी म्हणतं, संसार गोड झाला तुमचा.
हा शब्द आमच्या घरात मोजून वापरतात.
वेलदोड्याचा पाव ती भावंडांसाठी अजून भाजते,
स्वतः एक तुकडा खाते,
तोही आधी काट्यावर ठेवून.

शनिवारी सौनातून आलो की मी चष्मा चढवतो,
विजेरी घेतो, तिचे तळवे मांडीवर.
तीस वर्षं लाकडाचे ट्रक चालवले,
कुठला रस्ता कुठे खचणार ते मला लांबून कळायचं.
टाचेची भेग, बोटांच्या बेचक्या,
डावी करंगळी दोन हजार अकरात गेली,
तिच्या जागेवरही उजेड टाकतो.
तिला गुदगुल्या होत नाहीत आता.
पूर्वी फार व्हायच्या.

आता तिच्या दंडावर नाण्याएवढी चकती आहे.
साखर उतरली की ती किंचाळते,
तिकडे औलूत मुलीचा फोनही किंचाळतो.
दवाखान्यातली कुक्कोनेन बाई मला म्हणाली,
चला, सुटलात, झोपा आता.
मी बरं म्हटलं.
हाताला कोण सांगणार?

परवा तीन वाजता तो उठला, मानेवर गेला.
मान कोरडी.
मी परत फिरणार, तोच अंधारात कळलं
की ती जागीच आहे,
आणि तिचं बोट माझ्या नाकापुढे धरलेलं आहे,
श्वास मोजत.
पाय ठेवताना मी शिडीवरून छाती धरून खाली बसलो होतो
त्या ऑक्टोबरपासून, म्हणे, रोज.

चकती गप्प होती.
सहा पॉइंट चार, ती म्हणाली.
आणि तुझं?